पुरावेकाका

आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव आता फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. एरवी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना पुरावेकाकाच म्हणतात, आणि काकाही हे नाव सनद मिळाल्याच्या थाटात मिरवतात. तुम्ही सदाशिव पेठेत राहत असा, डोंबिवलीत असा, नाहीतर थेट न्यू जर्सीत, एक पुरावेकाका तुमच्याही आसपास असणारच. रात्री ऐतिहासिक मालिका सुरू झाली की ज्या घरातून नगाऱ्याच्याही वरच्या पट्टीत ‘पुरावा काय?’ असा आवाज येतो, ते घर त्यांचं.

काकांची सगळी हयात बँकेत व्हाउचरं तपासण्यात गेली. सही जुळल्याशिवाय पैसा सोडायचा नाही. निवृत्तीनंतर व्हाउचरं संपली, तेव्हा त्यांनी सतरावं आणि अठरावं शतक तपासायला घेतलं. टीव्हीसमोर त्यांची वेताची खुर्ची, मांडीवर बँकेची जुनी डायरी, आणि डायरीत पट्टीने आखलेले रकाने: भाग क्रमांक, चूक, चूक कोणाची. शेवटच्या रकान्यात लेखक, दिग्दर्शक, कपडेपट, घोडेवाला असे मानकरी येतात. नट मात्र कधी येत नाही. ‘त्या पोराला काय कळतंय? लिहून दिलंय ते बोलतोय बिचारा,’ असं म्हणून काका त्याला अभय देतात.

चुका काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मान्य करायलाच हवं. मावळ्याच्या मनगटावर घड्याळाचा पांढुरका पट्टा, दिंडी दरवाजाला नट-बोल्ट, बाराबंदीच्या आत बनियनची पट्टी, किल्लेदार टेकल्याबरोबर डुलणारा बुरूज. आपल्याला तीनदा पाहून दिसणार नाही ते काकांना जेवता जेवता दिसतं. एकदा एका मालिकेत बाजारपेठेचं दृश्य होतं आणि भाजीवालीच्या पाटीत चक्क टोमॅटो होते. काका ताटावरून उठले.

‘शिवकाळात टोमॅटो? टोमॅटो काय, बटाटा काय, ही अमेरिकेतली पिकं. पोर्तुगीजांनी आणली म्हणा हवं तर, पण आपल्या बाजारात रुळली ती इंग्रजांच्या अमदानीत!’

‘आणि मिरची हो, बाबा?’ सुनेने विचारलं.

‘मिरची चालेल,’ काकांनी परवानगी दिली. ‘ती सोळाव्या शतकातच आलेली आहे.’

त्या दिवशी एकादशी होती. ज्या ताटावरून काका उठले ते साबुदाण्याच्या खिचडीचं होतं. त्यातला शेंगदाणा, त्यातली मिरची, त्यातला बटाटा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, असे चारही जण मूळचे अमेरिकेचे. पण खिचडीकडे कुणी पुरावा मागत नाही. ती आपल्या पूर्वजांपासून चालत आलेली आहे.

काकांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस डिसेंबर 2022 मध्ये उगवला. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाची पहिली झलक आली आणि महाराजांच्या डोक्यावरच्या झुंबरात विजेचे दिवे दिसले. महाराज 1680 साली गेले, एडिसनचा दिवा 1879 चा. दोनशे वर्षांची तफावत! बँकेच्या अख्ख्या नोकरीत काकांना दोनशे रुपयांचीही तफावत सापडली नव्हती. सगळा महाराष्ट्र तोच दिवा एकमेकांना मोबाइलवर पाठवत होता, तरी तो आधी आपल्यालाच दिसला यावर काका आजही ठाम आहेत. त्यांनी पेढे आणले. दारोदार जाऊन, ‘घ्या, दिव्याचे पेढे’ म्हणून वाटले. मुलाला नोकरी लागली तेव्हा नुसती बर्फी होती.

आता काकांच्या पुराव्यांच्या कपाटाकडे वळायला हवं. ते दिवाणखान्यात आहे, काचेच्या दारांचं. वरच्या खणात ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’. मधल्या खणात ‘राऊ’, ‘झुंज’, ‘पानिपत’. यातल्या ‘राऊ’वर एका वाचनालयाचा शिक्का अजून आहे, पण त्या व्यवहाराचं व्हाउचर काका दाखवत नाहीत. खालच्या खणात इन्कमटॅक्सची कागदपत्रं. झालं. अस्सल साधनं म्हणतात ती काकांकडे एवढीच, आणि टॅक्सचे कागद सोडले तर सगळ्या कादंबऱ्या.

2015 साली ‘बाजीराव मस्तानी’ लागला तेव्हाची गोष्ट. ‘पिंगा’ सुरू झाला आणि काका थिएटरात उभे राहिले. पेशव्यांच्या घरातली बाई, त्यात काशीबाईंच्या पायाला दुखणं, आणि ती मस्तानीबरोबर फेर धरून नाचेल? मुद्दा खणखणीत होता. पण मागून कुणीतरी ‘अहो बसा की, आणि पुरावा काय तुमच्याकडे?’ असं ओरडल्यावर काकांनी जे उत्तर फेकलं ते होतं, ‘‘राऊ’त असं काही नाहीये!’ चित्रपटवाल्यांचंही म्हणणं तेच होतं, की आम्ही ‘राऊ’वरून घेतलं. फिर्यादीचा साक्षीदार ना. सं. इनामदार, आरोपीचाही साक्षीदार ना. सं. इनामदार, आणि साक्ष 1972 सालची. खुद्द बाजीराव 1740 मध्येच वारले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे इतिहास आणि कल्पना यांचं भांडण होतं असं आपण समजतो. खरं भांडण होतं ते जुन्या कल्पनेचं नव्या कल्पनेशी. जी आधी आली, जी चांगल्या मराठीत आली आणि जी आपण सोळाव्या वर्षी गादीवर पालथं पडून वाचली, ती इतिहास. नंतर आलेली विपर्यास. काकांचं बिनसतं ते मालिका दफ्तराशी प्रतारणा करते म्हणून नव्हे, ‘स्वामी’कार रणजित देसाईंशी करते म्हणून.

‘श्रीमान योगी’चीच गंमत पाहा. त्या कादंबरीला नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. शिवचरित्रातलं कागदांवर काय टिकतं आणि भक्तिभावाने काय चिकटवलेलं आहे याची इतकी रोखठोक तपासणी मराठीत फार थोड्यांनी केली असेल, आणि तीसुद्धा कादंबरीच्याच दारात बसून. काकांच्या प्रतीत कादंबरीची पानं पिवळी पडून कोपऱ्यांशी दुमडलेली आहेत. प्रस्तावनेची करकरीत.

काकूंचं शास्त्र वेगळं आहे. त्यांचा पुराव्यावर विश्वास नाही, डोळ्यांतल्या पाण्यावर आहे. दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका लागायची त्या काळापासून त्यांच्या लेखी थोरले माधवराव म्हणजे रवींद्र मंकणी आणि रमाबाई म्हणजे मृणाल देव. तो विषय निघाला की आजही पदर डोळ्यांना लागतो. काका म्हणतात, कागदोपत्री रमाबाई थोडक्यात आटोपतात, ते सगळे हळवे प्रसंग देसाईंनी रचलेले आहेत. काकूंच्या बाबतीत मात्र ते कादंबरीला कादंबरी म्हणायला तयार असतात.

‘अहो, पण ती सती गेली हे तरी खरं ना?’

‘ते खरं. 1772, थेऊर.’

‘मग मला रडू द्या.’

याच मृणाल देव पुढे मृणाल कुलकर्णी झाल्या आणि ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत, मग ‘फर्जंद’ आणि ‘फत्तेशिकस्त’ या चित्रपटांत जिजाऊ म्हणून आल्या. जिला काकांनी थेऊरला सती जाताना पाहिलं, ती शंभराहून जास्त वर्षं मागे जाऊन महाराजांना वाढवू लागली. या कालविपर्यासाची नोंद डायरीत कुठे घ्यायची ते काकांना अजून सुचलेलं नाही. अमोल कोल्ह्यांनी तर आणखी घोळ घातला. आधी ते शिवाजी महाराज झाले, मग ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त संभाजी महाराज. काकांचा नातू तेव्हा लहान. बाप-लेक दिसायला अगदी सारखे होते असं त्याने धरूनच चाललं होतं. 2019 मध्ये कोल्हे शिरूरमधून लोकसभेवर निवडून गेले तेव्हा त्याने विचारलं, ‘आजोबा, महाराज दिल्लीला चाललेत. आता परत पेटाऱ्यातून यायला लागणार का?’

संभाजी महाराजांवरून मात्र त्या घरात खरोखरच तीन पिढ्यांचा तंटा आहे. काकांच्या वडिलांनी जुन्या नाटकांतले संभाजी पाहिले होते: बेबंद, व्यसनी, बापाच्या काळजाला घरं पाडणारे. बखरकारांनी रंगवले तसे. तोच खरा संभाजी अशी म्हाताऱ्याची खात्री. काकांनी काशीनाथ घाणेकरांना पाहिलं. आधी 1962 च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये बापाशी धुमसणारे, नंतर 1968 च्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये औरंगजेबापुढे न झुकणारे. नाटककार दोन्हींचे एकच, वसंत कानेटकर. त्यावर 1979 मध्ये शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने काकांच्या मनातली मूर्ती पक्की केली. आणि नातवाला संभाजी भेटले ते 14 फेब्रुवारी 2025 ला, ‘छावा’ चित्रपटात, डॉल्बी साउंडमध्ये. प्रत्येकाचं म्हणणं एकच: खरे तेच.

पणजोबांच्या संभाजीपासून नातवाच्या संभाजीपर्यंतची वाट ज्यांनी खणली त्या वा. सी. बेंद्रे यांचं नाव या तंट्यात एकदाही निघत नाही. वर्षानुवर्षं दप्तरं धुंडाळून त्यांनी 1960 साली संभाजी महाराजांचं चरित्र छापलं आणि व्यसनीपणाच्या कथांखालची जमीन काढून घेतली. त्यानंतर नाटकं बदलली, कादंबऱ्या बदलल्या, अखेर सिनेमा आला. बेंद्र्यांचं पुस्तक काकांच्या कपाटात का नाही, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, ‘चाळलं होतं. संवादच नाहीत हो त्यात.’

त्याच ‘छावा’ चित्रपटाच्या जाहिरातीत महाराज लेझीम खेळताना दाखवले, वादळ उठलं आणि दिग्दर्शकाने तो भाग काढून टाकला. काकांनी तर सोसायटीच्या फलकावर निषेधाचा कागद चिकटवला होता. पुढच्याच महिन्यात शिवजयंती आली. पालखीपुढे लेझमीचं पथक, आणि पथकापुढे शिट्टी फुंकत, उलटं चालत, ताल धरून काका. मी काही बोललो नाही. महाराजांनी खेळायची नाही, आपण त्यांच्यापुढे खेळायची, हा त्यांचा बारकावा मला नंतर ध्यानात आला.

‘घाशीराम कोतवाल’चं नाव मात्र त्यांच्यासमोर काढू नका. 1972 साली पुण्यात हे नाटक आलं तेव्हा काका कॉलेजात होते आणि विरोधाच्या घोषणा देणाऱ्यांत सामील होते. नाटक पाहिलेलं नाही. पाहायची गरजही नाही, कारण नाना फडणविसांची बदनामी न पाहताच कळते. भास्कर चंदावरकरांच्या चाली मात्र दाढी करताना त्यांच्या तोंडात असतात. नाटककार तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नाही म्हणून आधीच सांगून टाकलं होतं. मला नेहमी वाटतं, तिथेच त्यांचं चुकलं. ‘अस्सल इतिहास’ अशी पाटी लावून आपल्याकडे वाटेल ते खपवता येतं. ‘हा इतिहास नाही’ असं म्हणणाऱ्याकडे मात्र लोक पुरावे मागायला येतात.

गेल्या पावसाळ्यानंतर सोसायटीची सहल सिंहगडावर गेली. पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, आणि काका पोरांना गोळा करून ‘तान्हाजी’ चित्रपटावर घसरले. कुठली ती ‘नागिन’ नावाची प्रचंड तोफ? कुठली ती दोरांवरची सर्कस? पुरावा काय? सगळं बरोबर होतं. मग त्यांनी खरा इतिहास सांगायला घेतला आणि तिसऱ्याच वाक्यात यशवंती घोरपड आली. तिच्या कमरेला दोर बांधला, ती कडा चढली.

पोरांत आमच्या शेजारची एक मुलगी होती. ती मोडी शिकायला भारत इतिहास संशोधक मंडळात जाते, राजवाड्यांनी 1910 साली पुण्यात स्थापन केलेल्या. तिने अगदी नम्रपणे विचारलं, ‘काका, घोरपडीला पुरावा काय?’

गडावर वारा होता तरी शांतता पसरली. काकांना हा प्रश्न विचारायची सवय होती, ऐकायची नव्हती.

‘पोवाडा आहे!’ ते अखेर म्हणाले. ‘तुळशीदास शाहिराचा!’

‘म्हणजे तेव्हाची मालिकाच की,’ ती म्हणाली. ‘आणि काका, तानाजी पडल्यावर सिंहगड हे नाव दिलं म्हणतात ना? त्या आधीच्या पत्रातही सिंहगड असंच लिहिलेलं आहे.’

काका दुखावले. पण तेवढ्यावर न थांबता ती मुलगी उत्साहात आली आणि तिने शिवाजी महाराजांच्या एका पत्राचा मजकूर सांगितला. 1673 सालचं, चिपळूणकडे छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना लिहिलेलं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलात तर पुढे घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाजी ओरबाडायला लागाल आणि ते म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे तसेच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, सगळी पागा जळेल.

मला ते ऐकताना अंगावर काटा आला. ज्या राजाने अफझलखान मारला, आग्र्याहून निसटला, तो पुढच्या वर्षी राज्याभिषेक व्हायचा असताना उंदराच्या तोंडातल्या वातीची काळजी करतो आहे. आजवरच्या मालिकांत मी स्लो मोशनमध्ये वळणारे महाराज पाहिले, शेल्याच्या टोकाला पंखा लावलेले पाहिले, वाक्यागणिक घोषणा देणारे पाहिले. वैरणीचा हिशेब घालणारा, थकलेला, चिडलेला, बारीकसारीक गोष्टीत डोकं घालणारा राजा पाहिला नाही. टोमॅटो कुणी दाखवला हा फार लहान गुन्हा आहे. काकांच्या डायरीत मोठ्या गुन्ह्याला रकानाच नाही.

काकांनी सगळं पत्र नीट ऐकून घेतलं. बराच वेळ ते समोर राजगडाकडे बघत राहिले. आता काहीतरी बदलणार असं मला वाटलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि त्या मुलीला विचारलं, ‘छान आहे. कुठल्या कादंबरीतलं?’

तरीही काकांना हसून सोडून देऊ नये. निदान ते विचारतात तरी. त्यांच्या नातवाला पडद्यावर डायनासोरशी तलवारबाजी दाखवली तरी ‘ग्राफिक्स भारी आहे’ एवढंच तो म्हणेल. पानिपतला गेलेले आमच्या सोसायटीतले एकटे काकाच. काला अंबच्या स्मारकापाशी उभं राहून ते हमसून हमसून रडले, असं काकू सांगतात. रडण्यामागे ‘पानिपत’कार विश्वास पाटील असतील, पण 14 जानेवारी 1761 ही तारीख काकांनी मनावर घेतलेली आहे, आणि संक्रांतीला तिळगूळ देताना ते आधी ती सांगतात, मग गोड बोला म्हणतात. अशा प्रेक्षकाला गमावणं कुठल्याही वाहिनीला परवडणार नाही.

म्हणून ऐतिहासिक मालिका काढणाऱ्या मंडळींना एक विनंती. चुका अजिबात टाळू नका. बिनचूक मालिका निघाली तर काका आठवड्यात टीव्ही बंद करतील आणि आम्हा शेजाऱ्यांची खाती तपासायला घेतील. रोज एक चूक ठेवा, पण ती पहिल्या दहा मिनिटांत ठेवा, म्हणजे काकूंना ताटं वेळेवर वाढता येतील. झुंबराएवढी मोठी चूक वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास. आणि कधी एखादा भाग कमी पडला तर तेवढं ते उंदराचं आणि वैरणीचं पत्र दाखवा. हे मात्र धादांत खोटं आहे म्हणून काका खुर्चीतून उठतील. तेव्हा खाली पाटी तयार असू द्या: चिपळूण, 1673.